वर्गात बोलायचं नाही

आमच्या शाळेच्या दारातच भिंतीवर मोठ्या अक्षरांत शाळेचं ध्येय रंगवलंय : ‘येथे प्रत्येक मूल आपलेच.’ हे वाक्य मोठ्या बाईंचं, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचं. ते नुसतं रंगवून त्या थांबल्या नाहीत, हीच खरी अडचण. बाकीच्या शाळा ज्या मुलाला ‘आमच्याकडं सोय नाही’ म्हणून परत पाठवतात, त्याला मोठ्या बाई हाताला धरून आत आणतात आणि मग शिक्षकांच्या खोलीत येऊन विचारतात, “आता काय करायचं?”

अशीच एका जूनमध्ये माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी आली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वडील दूध गोळा करायचा टेम्पो चालवायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, “बाई, तिच्या आईचा हट्ट हाय म्हणून आणलीया. दिवाळीपतोर बघतो. एकटीच बसाय लागली, तर लांबच्या हॉस्टेलच्या शाळंत घालतो. तितं तिच्यासारखी पोरं तरी हायत.” तिला लांब पाठवायचं बोलतानाही त्या माणसानं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

समावेशक शिक्षण आम्ही आमच्या पद्धतीनं सुरू केलं. समोरच्याला समजलं नाही तर आमच्या कोल्हापूरचा माणूस तेच वाक्य दुप्पट आवाजात बोलतो. इथं तर मुलीला ऐकूच येत नाही म्हटल्यावर सगळ्या शाळेनं मनापासून आवाज चढवला. मी घसा बसेपर्यंत पाढे ओरडले. आमचे शिपाईमामा तिला “जेवलीस का?” असं काही विचारायचे की एकदा रस्त्यापलीकडच्या दुकानदारानं “व्हय, मगाशीच!” म्हणून उत्तर दिलं. पोरं तर तिच्याभोवती कोंडाळं करून, जबडे फाकून मैत्री करत होती. आवाज तिला कुठला कळणार? तिला दिसत होते ते ताणलेले गळे आणि लाल झालेली तोंडं. आपण आल्यापासून सगळी शाळा आपल्यावर चिडलीय असं समजून ती एक दिवस बाकाखाली जाऊन बसली ती बाहेरच येईना. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, बहुतेक माझाच.

शाळाशाळांतून फिरणाऱ्या विशेष शिक्षिका आल्या तेव्हा त्यांनी हा प्रकार बघून कपाळाला हात लावला. “अहो, ओरडताय काय? हात हलवा की!” त्यांनी एकट्या मुलीला न शिकवता आख्ख्या वर्गाला खुणांची भाषा शिकवायला घेतली. मी अजून ‘पाणी’ आणि ‘बस’ यांत अडखळत होते तेवढ्यात पोरं पार पुढं गेली. शिकवलेल्या खुणा पुरेनात तिथं त्यांनी आपल्या घातल्या. ‘खेळायला चल’ म्हणजे मांडीवर शड्डू ठोकायचा. तांबडा रस्सा म्हणजे नाक पुसायचं. मोठ्या बाई म्हणजे मनगटावरच्या घड्याळावर टिचक्या. माझी खूण कोणती हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. विचारलं की सगळी खिदळतात.

वर्ग एकदम शांत झाला. मोठ्या बाई दारातून डोकावून “वा, काय शिस्त!” म्हणून गेल्या. मी फळ्याकडं तोंड करून भागाकार मांडत होते आणि माझ्या पाठीमागं बाजार भरला होता.

आमच्या वर्गाचा एक जुना नियम आहे. जो वर्गात बोलेल त्याला मॉनिटरनं उठवायचं आणि त्यानं माझ्या टेबलाजवळ येऊन उभं राहायचं. एक दिवस मॉनिटर पोरगी ताडकन उठली आणि तिनं त्या मुलीकडं बोट दाखवलं.

“बाई, ही बोलतीया.”

“अगं, ती कशी बोलेल?”

“हातानं की! मघाधरनं चाललंय तिचं. आमी त्वांडानं बोललो की उभं करता, आन् तिला न्हाय?”

मुद्दा बिनतोड होता. मी तो घेऊन मोठ्या बाईंकडं गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, “प्रत्येक मूल आपलं म्हटलं की शिक्षासुद्धा सगळ्यांना सारखीच. करा उभी.” मग काय, ती रोजचं गिऱ्हाईक झाली. टेबलाजवळून सगळा वर्ग समोर दिसायचा, त्यामुळं शिक्षेत तिच्या गप्पांची उलट सोयच झाली.

दिवाळीच्या तोंडावर तिचे वडील न सांगता आले. दारातून त्यांना दिसलं ते असं : सगळी पोरं बाकांवर, आणि त्यांची पोरगी तेवढी बाजूला, एकटी उभी. त्यांचा चेहरा पार उतरला.

“म्हणालतो न्हवं बाई? एकटीच पडली शेवटी. घेऊन जातो मी तिला.”

मी हातातला खडू ठेवून दाराकडं निघाले. मॉनिटर मात्र माझ्या आधीच उठली.

“ओ काका, शिक्षेला उभी हाय ती. लय बोलती!”

“कोण?”

“हीच की! सगळ्यांसंगट बोलती. गणितात बी बोलती.”

वडील तिच्याकडं वळले. तेवढ्यात तिनं वर्गाकडं वळून भराभर हात चालवले.

“आता काय म्हणाली?” त्यांनी विचारलं.

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “पप्पांना सांगू नका म्हणती!”

त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, अगदी सगळ्यांसमोर. मी तिला जागेवर बसायची खूण करायला लागले, तर तेच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या बाई, उभीच बरी हाय. जरा बघू द्या मला.” बराच वेळ ते दारातच उभे होते. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढून बायकोला फोन लावला.

“अगं, शाळंत आलोय. पोरीची तक्रार हाय. वर्गात लय बोलती म्हणं... व्हय, आपलीच पोरगी. हॉस्टेलची बॅग भरू नगंस.”