समिधाच्या गावची घंटा

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या मंजुळाबाईंनी अमेरिका पाहिली ती लेकीच्या मरणानंतर. त्याआधी अकरा वर्षं त्यांनी ती फोनवर ऐकली होती. लेक समिधा आणि जावई प्रणित तिथल्या एल्डर्स फेरी नावाच्या नदीकाठच्या जुन्या गावात राहायचे. वस्ती जेमतेम नऊशे. समिधा गावच्या छोट्या संग्रहालयात कामाला होती. पाहुण्यांना सांगितलेला इतिहास ती आईलाही सांगायची. नावाड्यांनी गाव वसवलं, मग चामड्याचे कारखाने आले, ते पुरात गेले. चर्चची घंटा तर बायकांनी हिवाळाभर लोकरीचे मोजे विणून, ते विकून आणली. बाजारात कोळंबी सोलताना मंजुळाबाई हे सगळं शेजारी बसणाऱ्या हौसाबाईला ऐकवत. नदीवर जगणारी माणसं, आपल्यासारखीच, म्हणत.

समिधाला कॅन्सर झाला तेव्हा तिने दोन महिने आईला कळू दिलं नाही. कळल्यावर व्हिसाला वेळ लागला. मंजुळाबाई पोचल्या तेव्हा अग्नी देऊन सहा दिवस झाले होते.

त्या गावात जुनी रीत होती. कुणी गेलं की चर्चच्या घंटेवर त्याच्या वयाइतके टोल द्यायचे. समिधाचे टोल गावाने तिच्या आईसाठी थांबवून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चसमोर बर्फात तीस-चाळीस माणसं टोप्या काढून उभी राहिली. मंजुळाबाई बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. छत्तिसाव्या टोलानंतर घंटा थांबली, पण त्यांचा अंगठा पुढच्या पेरावर तसाच राहिला.

प्रणितने विचारलं, रक्षा ठाण्याच्या खाडीत न्यायची का? मंजुळाबाईंनी नदीकडे बघत उलट विचारलं,

"ती काय म्हनलेली?"

"इथेच, म्हणाली होती. पण तुम्ही म्हणाल तसं करू, आई."

"मंग हितंच सोड. तिचा गाव हाय हा."

परत आल्यावर सख्ख्या दिराने तोंडावर सुनावलं, की पोरीला परक्या पाण्यात टाकून आलीस.  आठवड्याने मंजुळाबाई पुन्हा बाजारात बसू लागल्या. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "हौसे, चुकलं का गं माजं?"

 हौसाबाई आपली पाटी बाजूला सारून त्यांच्याजवळ सरकून बसली.