ताणावरचा बगीचा

कमलचा चेहरा इतका भोळा, की सौंसरच्या बाजारात भाजीवाल्या आपण होऊन तिच्या पदरात दोन वांगी जास्त टाकत. खोटं ती जन्मात बोलली नाही. ती नुसती विचारायची. पण तिनं विचारलं, की भलेभले डोकं खाजवत बसत.

मोरेश्वर पाटलाच्या संत्र्याच्या बगीच्यात ती लग्न होऊन आली तेव्हापासून मजुरीला. झाडाला काय होऊन राहिलं, ते पाटलाच्या आधी तिला कळे.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. कमलच्या मोहल्ल्याची विहीर एप्रिलातच आटली. तळाशी उरला चिखल अन् एक बेडूक. दोन दिवसांनी तोही दिसेना. "गेला असंन सोयऱ्याकडं," शेजारची कलाबाई म्हणाली. बाया डोक्यावर पाण्याचे पितळी गुंड घेऊन कोसभर दूर नाल्यातल्या झिऱ्यावर जाऊ लागल्या. वाटेतच पाटलाची विहीर, दहा हात पाणी. बाया तिकडं बघत नसत. बघितलं की रिकामा गुंडही जड होई.

कमलची सून शकुंतला आठ महिन्यांची गरवार. एक दिवस भरल्या गुंडासकट वाटेत भोवळ येऊन पडली. कमलनं तिला घरी निजवलं, धुतलेलं लुगडं नेसली, अन् चार बाया घेऊन तहसील गाठली, पाटलाच्या विहिरीवर पाणी भरू द्या म्हणून अर्ज दिला.

आठव्या दिवशी हिंदी मुलखातून आलेल्या नायब तहसीलदाराची जीप बगीच्यात आली.

"पानी देने में क्या है, साहेब," पाटील हात जोडून म्हणाला, "लेकिन मेरे झाड? प्यासे मर जायेंगे."

खरं कारण वेगळं होतं. मोहल्ल्याचे गुंड आपल्या विहिरीवर आले की पाटलाच्या आईला विटाळ वाटे. ते गावाला ठाऊक होतं, साहेबासमोर कोण बोलेल?

साहेबानं झाडांकडं बघितलं. पानं पार मलूल, पिवळी. त्यानं दयेनं मान हलवली अन् हुकमाचा कागद सही न करताच परत पिशवीत घालू लागला. तेवढ्यात कमल फावडं घेऊन पुढं झाली.

"खरंच हाय, साहेब. किती सुकले बिचारे! पाटील, इंजिन लावा. मी पाण्याचा दांड फोडतो. आताच पाजू."

"आता?" पाटील दचकला. "आता नको. ऊन आहे."

"मंग संध्याकाळी?"

"संध्याकाळी लाइट नसते."

"इंजिन डिझेलचं हाय न जी."

पाटील टोपी काढून घाम पुसू लागला. कमलनं पहिल्या झाडाच्या आळ्याशी फावडं लावलं. "उत्तमभाऊ, मारा हँडल!"

इंजिनवाला उत्तम बिचारा साहेबाकडं बघे, पाटलाकडं बघे. शेवटी त्यानं हँडल मारलं. इंजिन 'फट्' म्हणालं अन् पाटील ओरडला, "थांब व माय! बहार जाईन ना माझा! ताणावर आहेत झाडं!"

इंजिन बंद.

"ताण? ये क्या होता है?" साहेबानं विचारलं.

"संत्र्याचं पाणी मे महिन्यात तोडा लागते, साहेब," कमल म्हणाली. "तहानलं ठेवलं तं मृगात फुलते. आता पाणी पाजलं का पानंच पानं, फूल नाही." मग आवाज आणखी बारीक करून, "मंग पाटील, पाऊस पडेपर्यंत हे विहिरीतलं पाणी कोणासाठी हाय जी?"

कलाबाईनं तोंडात पदर कोंबला. साहेब मात्र उघड हसला, अन् जीपच्या बोनेटवरच कागद ठेवून त्यानं सही केली.

दुसऱ्या दिवशी कमल कामावर आली तर पाटील बांधावर उभा. "तुले ठेवू का काढू व?"

"ठेवा जी. काल तुमचा बहार कोणं वाचवला? मी फावडं मारलं असतं तं?"

ती कामाला लागली.

मृग लागेपर्यंत सकाळ-संध्याकाळ गुंड भरले. बाया हसत, ढकलत निघत, अन् विहिरीजवळच्या एका झाडाच्या आळ्यात पाणी सांडे. मृगात सगळा बगीचा फुलानं पांढरा झाला. ते एक झाड हिरवंगार, फुलाचं नाव नाही.

पाटील येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवी. "हे माझं नाही. हे कमलचं."

कमलनं ते मनावर घेतलं. नातू झाला तशी त्याची झोळी तिनं त्याच झाडाला बांधली.