ग्रहणाची कविता

कविता माझ्याच होत्या, म्हणजे काही फार बऱ्या नव्हत्या. चित्रं मात्र सुरेख होती. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या सरांनी ती महिनाभर खपून काढून दिली होती. शनीची कडी, धूमकेतूची शेपटी, चंद्रावरचे खड्डे, आणि प्रत्येक चित्राखाली माझ्या आठ-दहा ओळी. पानं शिवून आम्ही पुस्तकाची एकच प्रत केली. ती पिशवीत घालून मी दर रविवारी सोलापुरातून कुंभारीला, विडी कामगारांच्या वसाहतीत जायला लागले. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाईला निवृत्तीनंतर घरी स्वस्थ बसवत नाही, दुसरं काय.

मुलं एका घराच्या ओट्यावर जमायची. त्या घरातली सातवीतली मुलगी माझी लाडकी. कविता दोनदा ऐकली की तिला पाठ. बाकीची पोरं मंगळावर क्रिकेट खेळता येतं का असलं काहीबाही विचारायची. ही विचारायची, "बाई, तारे दिवसा कुटं जातात? कवितेतलं नको, खरं सांगा."

तिची आई उंबऱ्याच्या आत, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत ऐकायची. त्या गल्लीत पोर जरा मोठी झाली की तिच्या हातात कात्री आणि पत्र्याचा फर्मा येतो. फर्मा तेंदूच्या पानावर ठेवायचा आणि त्याच्या कडेनं पान कापायचं. या आईनं मात्र मुलीला फर्म्याला हात लावू दिला नव्हता. "हिला तुमच्यावानी बाई करायचं हाय," ती म्हणायची. "माजी बोटं बगा की. हिची अशी न्हाय होऊ द्यायची."

मला ते ऐकून फार बरं वाटायचं. इतकं, की त्या घरात आपला शब्द चालतो असं मी धरूनच चालले होते.

मग दिवाळीत सूर्यग्रहण आलं, संध्याकाळचं. आईला सहावा महिना होता. सासू लेकीकडे गेली होती. जाताना तिनं बजावलं होतं, ग्रहणात कात्रीला शिवायचं नाही, आत अंधारात सरळ पडून राहायचं. पण सकाळी भिजवलेली पानं ओल्या फडक्यात पडून होती, आणि ती तशीच ठेवली तर वाया जातात. मी पोचले तेव्हा आई कात्री पुढ्यात घेऊन नुसती बसली होती. पुस्तक त्या आठवड्यात मुलीकडेच होतं आणि तिनं ग्रहणाची कविता आईला वाचून दाखवली होती. चंद्र सूर्यासमोरून चालत जातोय, त्याचं कुणाशी भांडण नाही, दार उघडा, बाहेर या, अशी ती कविता.

"बाई, खरंच काय होत न्हाय?" आईनं विचारलं.

"काही होत नाही. नुसती सावली आहे."

"कात्री लावली तर?"

"खुशाल लावा. जबाबदारी माझी."

किती सहज म्हणाले मी! घरी दूध नासलं तर मी जबाबदारी घेत नाही.

तिनं पानं कापायला घेतली. मुलीला मी तंबाखू चाळायची चाळणी दारात उन्हासमोर धरायला सांगितली. दार पश्चिमेचं. चाळणीच्या भोकाभोकांतून कोरीसारखे कुरतडलेले सूर्य आत पडले, भिंतीवर, सुपात, आईच्या लुगड्यावर, पोटावर. शेकडो. ती हसायला लागली. "अगं, माज्या अंगावर किती चंद्र!" मुलगी म्हणाली, "चंद्र न्हाय आई, सूर्यच हाय तो, चावलेला." समोरच्या बायका दारं लोटून फटीतून बघत होत्या, हेही मला दिसत होतं. उलट मला त्याचा आनंद होता. आज यांचं अज्ञान मी चांगलंच हाणून पाडलं, असं वाटत होतं.

माघ संपता संपता मुलगा झाला. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, आत टाळूही.

त्यांच्या घरात तेलुगू बोलतात. तेलुगूत अशा ओठाला ग्रहणम् मोर्री म्हणतात, नावातच ग्रहण. तरी मी बोलले. बाळाचा ओठ पोटात तिसऱ्या महिन्याच्या आतच जुळतो, ग्रहणाच्या वेळी तो आधीच फाटलेला असणार, कात्रीचा काही संबंध नाही, असं मी सासूला नीट समजावून सांगितलं. अक्षर न् अक्षर खरं होतं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि बाळ माझ्यापुढे धरलं.

"जबाबदारी घेतली म्हनलाव न्हवं? मग घ्या की."

मी हात पुढे केले नाहीत. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती मला एक शब्द बोलली असती तर मला पुष्कळ सोपं गेलं असतं.

बाळाला अंगावर ओढता येत नव्हतं. दिवसभर चमच्यानं दूध पाजावं लागायचं. आईचे हात त्यातच अडकले आणि विड्या तर वळायलाच हव्यात. मुलीनं कात्री घेतली. आधी शाळेतून आल्यावर, मग शाळेच्या वेळात, मग शाळाच सुटली. मी मुख्याध्यापकांना भेटले, त्यांनी हात टेकले. घरी गेले तेव्हा मुलगी बाहेर आली. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून तिनं माझ्या हातात दिलं. "बाई, तुमी येत जाऊ नका. तुमाला बगितलं की आई रडती."

दोन वर्षं मी गेले नाही. मग त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरानं बोलावलं. त्यांची मुलं लहान होती, त्यांना चित्रं बघायची होती. पहिल्याच रविवारी ओटा भरला. पुढ्यात सगळ्यात चिटुकला येऊन बसला तो तोच. ओठ शिवला होता, वर पांढरट रेघ होती, बोलणं नाकातून. त्याचा काही दोष नव्हता आणि माझाही नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याकडे बघायची छाती मात्र होत नव्हती.

समोरच्या दारात त्याची बहीण पान कापत होती. बोटं अगदी आईसारखी झालेली. मान खाली, पण कान इकडे, हे मी ओळखलं. शिक्षक ते विसरत नाही.

शनी झाला, धूमकेतू झाला. पुढचं पान ग्रहणाचं. मी दोन पानं एकदम उलटली.

"बाई, एक पान ऱ्हायलं की," एक पोर म्हणालं.

समोरची कात्री थांबली. मुलीनं मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. ती कविता तिला अजून पाठ असणार.

"चिकटलंय ते," मी म्हणाले. "सुटत नाही."

तिनं मान खाली घातली आणि पुढचं पान कापायला घेतलं.