दसऱ्यानंतरची डिव्हाइस फाईल

धुळ्याच्या ज्या हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर सांभाळते, तिथला सर्व्हर वर्षात एकदाच बंद करतात, दसऱ्याला. पुसून, हळदकुंकू लावून त्याला झेंडूची माळ घालतात. आमच्या घरी त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, म्हणून मी पारोळ्याला होते. नोकरीतला माझा तो पहिलाच दसरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर सर्व्हर चालू, माळ ताजी आणि जुने सगळे स्कॅन गायब.

बाहेर बाकावर शिरपूरकडून पहिल्या एसटीने आलेले एक आबा आणि त्यांची लेक बसली होती. आबांच्या डोक्यात गाठ होती. आजचा स्कॅन मागच्या स्कॅनशी ताडून डॉक्टर ठरवणार होते. गाठ वाढली असेल तर ऑपरेशन, नसेल तर आबा घरी.

"ताई, मना बापना जुना फोटो भेटी ना?" लेकीने विचारलं.

"भेटी," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं खरं.

जुने स्कॅन एका वेगळ्या पेटीतल्या डिस्कवर असतात आणि ती पेटी नेटवर्कच्या तारेने सर्व्हरला जोडलेली. पेटी पुरवणाऱ्यांचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "मॅडम, डिस्क दिसत नाही म्हणजे गेली. फॉरमॅट मारा, नव्याने बसवू." माझं डोकंच सटकलं. नाडी बघायच्या आधीच तिरडी बांधता का, असं विचारून मी फोन ठेवला.

तार ठीक होती. पेटी हाकेला ओ देत होती. डिस्क समोरच आहे, असं डिस्क चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरही सांगत होता. नव्हती ती फक्त डिव्हाइस फाईल. युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिमला डिस्कशी बोलायचं तर या फाईलमधून बोलावं लागतं. फाईल कसली, दारावरची पाटी ती. आत एक अक्षर नसतं. कुठला ड्रायव्हर आणि त्याची कुठली डिस्क, एवढे दोनच आकडे तिच्यावर. आमच्या जुनाट ड्रायव्हरला ती आपोआप करता येत नव्हती. माझ्या आधीचा माणूस दर दसऱ्यानंतर ती हाताने करायचा आणि कुणाला सांगायचा नाही. सर्व्हर बंद झाला की पाटी पुसली जायची, घर मात्र जागेवर असायचं.

आकडा चुकला तर भलतंच दार उघडणार. म्हणून ड्रायव्हर आपला नंबर काय सांगतो ते आधी पाहिलं, स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग पाटी तयार करणाऱ्या 'एमकेनॉड' या आज्ञेची एक ओळ लिहिली. डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली. यादीत आबांचं नाव शोधलं. आणि आबांचं डोकं पडद्यावर आलं!

डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. गाठ होती तेवढीच होती.

निघताना आबा माझ्या खोलीच्या दारात थांबले. "आते चिराफाड नही ना?"

"नाही आबा. घरी जा."

त्यांनी खिशातून आपट्याचं चुरगळलेलं पान काढलं. "ले माय, सोनं ले. बठ्ठासले दिधं, तूच राही गई." सगळ्यांना देऊन झालं होतं, मीच तेवढी राहिले होते.

आमच्या घरी सोनं वाटत नाहीत. तरी मी ते दोन्ही हातांनी घेतलं. माझी ती ओळ आता सर्व्हर सुरू होताना आपोआप चालते. यंदाही दसऱ्याला सर्व्हर बंद झाला, माळ पडली आणि कुणाचं काही अडलं नाही. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी मिरवते. पान सर्व्हरच्या कपाटावर चिकटपट्टीने लावलंय. दसऱ्याला पुसायला येणाऱ्यांना सांगून ठेवलंय, बाकी सगळं लख्ख करा, त्याला फडकं लावायचं नाही.