देव्हाऱ्यातला करार

आधी ताईंबद्दल सांगतो, मग काय झालं ते. कळव्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. भाडेकरारही त्याच करून देतात. त्या नसत्या तर माझी आई आलीच नसती.

झालं असं, की मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई जालन्याहून पंधरा दिवस माझ्याकडे राहायला यायची होती. नेमका त्याच आठवड्यात घरमालकांनी माझ्या दारावर टाइप केलेला कागद चिकटवला. नवीन नियम! चपला आत ठेवाव्यात. गॅलरीत चादरी वाळत घालू नयेत. कुकरच्या शिट्ट्या जास्तीत जास्त तीन. आणि चौथा: पाहुणे मुक्कामाला चालणार नाहीत, पटत नसेल तर खोली खाली करावी.

मी आठवीतून शाळा सोडलेला. टाइप केलेलं काही दिसलं की मला ते सरकारनेच पाठवलंय असं वाटतं. तीन दिवस शिट्ट्या मोजून कच्ची डाळ खाल्ली. मग ताईंकडे गेलेलो.

"आई यायच्या आत दुसरी खोली मिळेल का ओ कुठे?"

"आधी सांग, करारात काय लिहिलंय?"

"वाचला नाही."

"अरे, मग ठेवलास कुठे?"

"देव्हाऱ्यात."

खरंच ठेवलेला. एवढा महत्त्वाचा कागद म्हणून हळदकुंकू लावून रोज उदबत्ती ओवाळायचो. आणून दिला तर ताईंनी आधी त्यावरची राख फुंकली. "इतका पुजलास, एकदा वाचायचास तरी!" मग ओळीवर बोट ठेवून मलाच वाचायला लावलं. अडखळत वाचलं. खोलीत मी आणि माझे घरचे राहू शकतो. अकरा महिने संपेपर्यंत दोघांच्या सहीशिवाय एकही अट बदलता येत नाही.

"तुझे पाच महिने बाकी आहेत. जा, दाखव त्यांना. भांडू नकोस, फक्त वाचून दाखव."

करार घेऊन मालकांकडे गेलो. मालकांनी पानावरचं कुंकू पाहिलं, सवयीने कागदाला नमस्कार केला आणि मग वाचला. बराच वेळ वाचला.

"अरे, ते पाहुण्यांचं होतं. आईला कोण नाही म्हणालं?"

"आणि शिट्ट्या?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"घे बाबा, हव्या तेवढ्या घे!"

आई आली, ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी बांधून माझ्याच खोलीत घोरत झोपली.

ताई स्वतःही भाड्याच्याच घरात राहतात. मी लाद्या बसवायचं काम करतो. त्या स्वतःचं घर घेतील, त्या दिवशी तिथली प्रत्येक लादी मी बसवणार, आणि कुणी मध्ये बोलायचं नाही.