तीन मुलं राहिली होती

रविवार, चौदा डिसेंबर. सभागृहाच्या तळमजल्यावरची खोली. मुलं तेवीस, मोठं माणूस एक.

ते मोठं माणूस म्हणजे नवरीची आत्या. वय एकावन्न, लग्न केलेलं नाही. स्वागतसमारंभांना आलेल्या पाहुण्यांची लहान मुलं सांभाळणं हा तिचा बारा वर्षांचा व्यवसाय. त्याआधी नऊ वर्षं तिने एकच मूल सांभाळलं होतं. भावाची पहिली बायको गेली तेव्हा ही नवरी तीन वर्षांची होती. पुढे भावाने दुसरं लग्न केलं आणि आत्या चार गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहायला गेली. तिला कुणी जा म्हटलं नाही. राहा असंही कुणी म्हटलं नाही.

या समारंभाचं ठरलं तेव्हा भाऊ म्हणाला, "मुलांचं तूच बघ. घरचं माणूस असताना बाहेरची बाई कशाला?" घरचं माणूस हा सन्मानच आहे, मात्र पुष्कळदा तो कामाची वाटणी करतानाच आठवतो. आत्याने एवढंच मागितलं, "तिच्याबरोबर माझा एक फोटो. स्टेजवर, नीट."

"एवढंच ना? शब्द दिला."

तिची कामाची रीत ठरलेली होती. मुलाच्या मनगटाला आकड्याची कागदी पट्टी, तोच आकडा आईबापाच्या हाती. शेवटचं मूल जाईपर्यंत खोली सोडायची नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवरी सहा वर्षांची असताना अशाच एका समारंभात आतल्या खोलीत झोपली होती. "पाच मिनिटं ये, झोपलेली पोर कुठे पळतेय?" असं म्हणून भावाने आत्याला वाढायला बोलावलं. पोर जागी झाली, आत्याला शोधत रस्त्यावर गेली, आणि अडीच तासांनी एका बंद दुकानाच्या पायरीवर सापडली. आत्या अजून त्या दुकानावरून जात नाही.

या रविवारी तिने टेबलावर चादर टाकून गुहा केली, कागदी ताटल्यांचे मुखवटे केले. एकाला नवे बूट चावत होते. त्याचे बूट तिने अंगाई म्हणून झोपवले, तेव्हा कुठे त्याने भोकाड आवरलं. तेवढ्यात एका मुलीने खिरीचा हात आत्याच्या नव्या कपड्यांना खांद्यावर पुसला. तिने डाग धुतला, आणि डावा खांदा नवरीकडे केला की फोटोत दिसणार नाही, हे मनाशी पक्कं केलं.

"नवरी तुझी कोण?" त्या मुलीने विचारलं.

"भाची."

"मग तू इथे का?"

"तू का इथे?"

"मला आईने टाकलंय इथे."

"मग आपण सारख्याच," आत्या म्हणाली.

अडीचला भाऊ दारात आला. "चल लवकर. फोटोवाला थांबलाय, बाहेर गाडी लागलीय."

आत्याने मागे पाहिलं. वीस मुलं गेली होती. तीन गादीवर झोपली होती. "यांचे आईबाप जेवतायत. तू बस ना पाच मिनिटं इथे."

"मी? नवरीचा बाप आहे मी. मला नको तिथे उभं राहायला?"

"मग तिला दोन मिनिटं खाली पाठव."

"एवढा थाट सावरत ती जिना उतरून पुन्हा चढणार? काहीतरीच तुझं. अगं, झोपलेली पोरं कुठे पळतायत?"

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. भावाला आपलं वाक्य आठवलं असावं, कारण त्याने नजर वळवली. "तुझी मर्जी," म्हणून तो जिना चढून गेला.

ती दारात उभी राहिली. एकदा तिने पाऊल बाहेर टाकलंही. गादीवर कुणीतरी कूस बदलली आणि ती परत आली. वरून टाळ्या ऐकू आल्या. थोड्या वेळाने खिडकीतून गाडी दिसली. नवरी बसण्याआधी थांबली, वळून मोठ्या दाराकडे पाहत राहिली. खिडकी दारापासून लांब, बाजूच्या भिंतीला होती. आत्याने काचेवर टकटक केलं, पण हळू. मुलं उठली असती.

खिरीच्या हाताची मुलगी तरीही जागी झाली. "गेले सगळे?"

"नाही. तुझी आई आहे. येईल."

आई आली, आकडा दाखवला. "फार छळलं का हिने?"

"छे. झोपली होती गुणी बाळासारखी."

शेवटचं मूल तीनला गेलं. तेवीसच्या तेवीस मुलं ज्याची त्याच्याकडे पोचली. आत्याने गादी गुंडाळली. खांद्यावरचा डाग वाळून गेला होता.

भावाचा शब्द एका फोटोचा होता. तो अजून पाळला गेलेला नाही.