दोन फोनांमधली आक्का

धरणावर सगळे तिला आक्का म्हणत. अकरा वर्षं तिनं दरवाज्यांच्या साखळ्यांना वंगण लावलं, मग ती स्वतः दरवाजे चालवू लागली. बढतीचा आनंद ओसरायच्या आत तिच्या लक्षात आलं, की आता आपल्याला साहेब दोन ठिकाणी आहेत. धरण राज्य सरकारचं, पगारही त्यांचाच. पण नदी थोडं पुढं जाऊन शेजारच्या राज्यात शिरायची, आणि अशा नदीवर केंद्र सरकारच्या मंडळाची नजर. म्हणून तिच्या खोलीत टेबलावर दोन फोन होते, काळा राज्याच्या पाटबंधारे खात्याचा आणि पांढरा केंद्राच्या नदी मंडळाचा. एरवी दोन्हीकडून पाण्याची पातळी विचारत. ती दोघांना एकच आकडा सांगे, आणि दोघंही खूश असत.

तिचा दीर कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेला. एकदा जेवताना त्यानं तिला समजावलं होतं, की काही विषय केंद्राचे, काही राज्याचे, काही दोघांचे, अशा सरळ याद्याच आहेत. पाणी कोणाच्या यादीत, असं तिनं विचारलं. पाणी राज्याचं, तो म्हणाला, पण दोन राज्यांतून वाहणारी नदी केंद्राची. मग माझ्या दरवाज्याला टेकलेलं पाणी कोणाचं, हा तिचा पुढचा प्रश्न ऐकून दिरानं पानातलं मीठ उजवीकडून डावीकडे केलं आणि भावाच्या गुडघेदुखीची चौकशी सुरू केली.

त्या साली वरच्या डोंगरात चार दिवस पाऊस कोसळला. पाचव्या दिवशी सकाळी दहाला पांढरा फोन वाजला. धरण भरत आलंय, तीन दरवाजे ताबडतोब उघडा, असा आदेश. ती खुर्चीतून उठते न उठते तोच काळा वाजला. खाली नदीच्या पात्रात नव्या पुलाचं काम चाललंय, माणसं आहेत, सामान आहे, चार वाजेपर्यंत एकही दरवाजा हलवायचा नाही.

आक्कानं दोघांनाही दुसऱ्याचं म्हणणं सांगितलं. पांढऱ्या फोनवरचे साहेब शांतपणे म्हणाले, की त्यांना तो अधिकारच नाही. काळ्या फोनवरच्या बाईही तेच म्हणाल्या, फक्त थोड्या रागानं. तेव्हा तिनं लेखी आदेश मागितला. लेखी असलं की कोणाचं तरी एकाचंच येईल, असा तिचा अंदाज. वीस मिनिटांत दोन्ही कागद आले. दोन्हींवर शिक्के होते, सह्या होत्या, आणि दोन्हींच्या खाली लिहिलं होतं, की या आदेशाचं पालन न झाल्यास जबाबदारी आपली राहील.

तिनं नियमांची वही काढली. वहीत लिहिलं होतं, वरिष्ठांच्या आदेशानुसार वागावे. कोणत्या वरिष्ठांच्या, ते लिहिणाऱ्याला सुचलं नसावं. ती कागद उजवीकडे ठेवी, डावीकडे ठेवी, पुन्हा वाची. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते काय, हे तिला त्या दिवशी कळलं.

शेवटी ती कागद तिथंच टाकून बाहेर गेली आणि भिंतीवरची पट्टी बघत उभी राहिली. पाणी दर पाव तासाला बोटभर चढत होतं. धोक्याची लाल रेषा पंधरा बोटं वर. चारपर्यंत थांबावं, तर अडीचच्या आतच पाणी रेषेला लागणार. आत्ता तीन दरवाजे उघडावेत, तर खालची माणसं वाहून जाणार. एवढा हिशेब तिला येत होता. कोणाचा अधिकार हा हिशेब मात्र येत नव्हता.

तिनं भोंगा वाजवला आणि चौकीदाराला मोटारसायकलवरून पात्राकडे पिटाळलं. जाताना बजावलं, "शेवटचा माणूस वर आल्याशिवाय मला फोन करायचा नाही. सामान राहू दे."

त्याचा फोन बाराला तिच्या मोबाइलवर आला. टेबलावरचे दोन्ही फोन तोवर आळीपाळीनं वाजत होते. ते तिनं उचलले नाहीत. तिनं एक दरवाजा वीतभर उचलला. तासाभरानं दुसरा. संध्याकाळी पाणी लाल रेषेच्या चार बोटं खाली येऊन थांबलं. माणूस एकही दगावला नाही. पुलाचे वासे आणि फळ्या तेवढ्या वाहून गेल्या.

तिला वाटलं, आता कोणीतरी पाठ थोपटेल. आल्या त्या दोन नोटिसा. एकीत विचारलं होतं, तीन दरवाजे का उघडले नाहीत. दुसरीत, मुळात उघडलेच का. तिनं दोन्हीकडे एकच उत्तर पाठवलं, पट्टीवरच्या आकड्यांसह. मग महिन्याभरानं दोन अहवाल निघाले. दोन्हींत लिहिलं होतं, की आमच्या वेळीच दिलेल्या सूचनांमुळे अनर्थ टळला. नोटिसा मात्र कोणीच मागं घेतल्या नाहीत.

पुढं दोन्ही कार्यालयांनी मिळून एक नवा आदेश काढला. मतभेद झाल्यास संयुक्त समितीला विचारावे. समितीत कोण, तिला फोन कुठं करायचा, हे त्यात नव्हतं. दिरानं तो कागद चष्मा पुसून तीनदा वाचला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी चौतीस वर्षं कोर्टात कागद वाचले. हा मला कळत नाही."

तिला उलट बरं वाटलं. आजवर तिला वाटत होतं, की आपलीच अक्कल कमी आहे.

पाणी ओसरल्यावर पुलाच्या कामाचा मुकादम धरणावर आला. त्याची माणसं वाचली होती, म्हणून त्यानं खोलीच्या दारातूनच आधी आक्काला हात जोडले. मग अडखळत म्हणाला, की वासे वाहत वाहत शेजारच्या राज्यात जाऊन अडकलेत. ते आणायला परवानगी लागते म्हणे. राज्याच्या कचेरीनं त्याला केंद्राकडे पाठवलं, केंद्राच्या कचेरीनं राज्याकडे. शेवटी दोन्हीकडच्या शिपायांनी सांगितलं, की धरणावरच्या आक्काला विचार, तिला दोन्हीकडचं कळतं.

आक्कानं त्याला बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "ट्रक घेऊन जा आणि आपले वासे घेऊन ये. कोणी अडवलं, तर माझं नाव सांग."

मुकादम मान हलवून निघाला. तो जिना उतरेपर्यंत तिला धीर होता. मग तिच्या मनात आलं, असं सांगायचा अधिकार आपल्याला तरी कोणी दिला? तिनं खिडकीतून हाक मारायला तोंड उघडलं. पण ट्रक वळणापलीकडे गेला होता, आणि टेबलावर कुठलातरी एक फोन वाजायला लागला होता.